शिंपली, चांदी आणि एक हिरवा दगड

न्यायशास्त्राशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना शिंपलीचा आणि चांदीचा दृष्टान्त नव्याने सांगावयास नको. समुद्रकाठी उन्हात चकाकणारी शिंपली पाहून एखाद्यास ती चांदी वाटते. तो लगबगीने पुढे होतो, वाकतो, उचलतो. आणि हाती घेताच ‘ही चांदी नव्हे’ असे ज्ञान त्यास होते. पहिल्या ज्ञानाचा दुसऱ्या ज्ञानाने बाध झाला असे शास्त्रकार म्हणतात. नैयायिकांच्या मते अन्यत्र पाहिलेल्या चांदीचा धर्म आपण समोरच्या शिंपलीवर लादला, म्हणून हा भ्रम झाला. प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नाही. समोरची चकाकणारी वस्तू दिसली हे ज्ञान खरेच. पूर्वी पाहिलेली चांदी आठवली हेही खरेच. चूक एवढीच, की दिसलेले आणि आठवलेले ह्यांतील भेद ध्यानात आला नाही. ह्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनी शतकानुशतके ग्रंथ लिहिले आहेत.

त्या वादात पडण्याची आमची योग्यता नाही. आम्हांला प्रश्न पडला तो उलट्या प्रसंगाचा. वाळूत खरीच चांदी पडली आहे आणि वाटसरू तिला शिंपली समजला, तर काय होईल? काहीच होणार नाही. तो वाकणार नाही, उचलणार नाही. म्हणून ‘ही शिंपली नव्हे’ असे ज्ञानही त्यास कधी होणार नाही. तो घरी जाईल, जेवेल, सुखाने झोपेल. शिंपलीला चांदी मानणाऱ्याची चूक त्याच्या लोभानेच दुरुस्त होते. चांदीला शिंपली मानणाऱ्याची चूक दुरुस्त करावयास जगात कोणीच नसतो. जी चूक करणाऱ्याला कधीच उघडी पडत नाही, तिची जबाबदारी त्याच्यावर किती? ह्या विचाराकडे आम्ही वळलो ते ग्रंथवाचनाने नव्हे, एका हिरव्या दगडामुळे; आणि त्यात आमची बाजू फारशी शोभादायक नाही.

कलकत्त्यास आमच्या वसाहतीत एक वृद्ध काकू राहत असत. त्यांचे यजमान खनिजांशी संबंध असलेल्या एका खात्यातून निवृत्त झाले आणि तेथेच वारले. काकूंनी नागपुरास मुलाकडे जावयाचे ठरविले आणि बिऱ्हाड आवरताना एक लाकडी पेटी बाहेर निघाली. आत खण पाडलेले, प्रत्येक खणात एकेक दगड. आम्ही रसायनाचे पदवीधर आहोत हे काकूंना ठाऊक होते. पदवी घेतल्यास पुष्कळ वर्षे लोटली, आणि त्यानंतर आम्ही रसायन म्हणून हाताळले ते फक्त शाईचे, ही गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. “यातले काही विकण्याजोगे आहे का, पाहा बरे,” असे त्या म्हणाल्या.

आम्ही पाहिले. बहुतेक नमुने शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे होते. शेवटी काकूंनी एक दगड स्वतः उचलून आमच्या हाती दिला. पांढऱ्या गारगोटीवर गडद, शेवाळी हिरव्या रंगाचे बारीक खवले दाटून बसलेले, आणि मधूनच दोन-तीन पिवळे ठिपके. खालच्या चिठ्ठीचा निम्मा भाग कसरीने खाल्लेला. उरलेल्या भागावर एक क्रमांक होता, पण तो ज्या वहीतला ती वही सापडत नव्हती. नस्ती नाही आणि जावक क्रमांक तेवढा आहे, अशा प्रकारची ही अवस्था आपल्या वाचकांस अपरिचित नसावी. “हा हातात घेतला की हे जरा वेळ बोलत नसत,” काकू म्हणाल्या. “हा ठेवू का?”

आम्ही नखाने ओरखडा काढून पाहिला. ओरखडा उठला. “क्लोराइट आहे, काकू,” आम्ही सांगितले. “असले ढिगाने मिळते. पिवळे दिसते ते सोने नव्हे, माक्षिक. ह्याला काही किंमत नाही.” काकूंनी मान डोलावली. दोन दिवसांनी माळ्याने कुंड्यांच्या तळाशी घालण्यासाठी दगड मागितले, तेव्हा तो त्यालाच देण्यात आला. त्याने तो फोडून पाच-सहा कुंड्यांत वाटला.

पुढे काही महिन्यांनी व्हॅनेडियम ह्या धातूविषयी एक टिपण तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. पोलादात अगदी थोड्या प्रमाणात मिसळला तरी पोलादाची ताकद वाढविणारा हा धातू. त्या निमित्ताने वाचता वाचता रॉस्कोएलाइट ह्या खनिजाचे वर्णन डोळ्यांपुढे आले, आणि आम्ही पुस्तक मिटून जरा वेळ तसेच बसलो. अभ्रकाच्या कुळातील हे खनिज. नेहमीच्या अभ्रकात ॲल्युमिनियम असतो, त्यातील बराचसा दूर सारून त्याच्या जागी व्हॅनेडियम बसलेला. रंग शेवाळी हिरवा ते हिरवट तपकिरी. कठिनता सुमारे अडीच, म्हणजे नखाशी बरोबरी करणारी. बारीक खवल्यांच्या रूपात गारगोटीबरोबर आढळते. आणि कित्येक ठिकाणी त्याच्या सोबतीला सोने असते.

तो दगड रॉस्कोएलाइटच होता, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जगात हिरवे मऊ दगड पुष्कळ आहेत आणि त्यांत क्लोराइटचेच प्रमाण मोठे. तो क्लोराइट असण्याचाच संभव अधिक. परंतु तो क्लोराइट होता की नव्हता हे ठरविण्यास काय लागले असते, हे जेव्हा आम्ही वाचले, तेव्हा खरी लाज वाटली. नखाचा ओरखडा दोन्हींवर उठतो. तेव्हा आमच्या त्या परीक्षेने सिद्ध काहीच झाले नव्हते. उलट एक सुई आणि पाच मिनिटे पुरली असती. खवला मोठासा मिळाला तर तो सुईच्या टोकाने किंचित वाकवून सोडावयाचा. अभ्रकाचा पापुद्रा पुन्हा सरळ होतो. क्लोराइटचा वाकला तो वाकलेलाच राहतो. (नोकरीत दोन्ही जातींची माणसे भेटतात, आम्ही स्वतः कोणत्या जातीचे, हे तूर्त बाजूस ठेवू.) पिवळ्या ठिपक्यावर तीच सुई दाबावयाची. माक्षिक असेल तर त्याचा काळसर चुरा होतो. सोने असेल तर ते चेपते, पण फुटत नाही. एवढे केले असते तर आम्ही बोललो ते खरे ठरले असते किंवा खोटे ठरले असते. आता ते दोन्ही ठरत नाही, आणि दुखणे हेच आहे.

ह्या धातूच्या इतिहासात हीच चूक फार मोठ्या माणसांकडून झाली आहे. तिच्याआड लपावे असा आमचा हेतू नाही; पण ती सांगण्याजोगी आहे. आन्द्रेस मान्वेल देल रीओ हे माद्रिदचे गृहस्थ जर्मनीतील फ्रायबर्ग येथे खाणविद्या शिकून मेक्सिकोच्या खाणविद्यालयात प्राध्यापक झाले. १८०१ साली सिमापान येथील शिशाच्या एका तपकिरी खनिजात त्यांना नवे मूलद्रव्य आढळले. त्याच्या संयुगांत रंगांची विलक्षण विविधता दिसली म्हणून आरंभी त्यांनी त्याला ‘सर्वरंगी’ अशा अर्थाचे नाव दिले. मग त्याचे क्षार तापविले असता तांबडे होतात हे पाहून ‘तांबडे’ अशा अर्थाचे एरिथ्रोनियम हे नाव ठेविले. पुढे त्यांचे मित्र, प्रख्यात प्रवासी हुम्बोल्ट, मेक्सिकोस आले. त्यांच्याबरोबर त्या खनिजाचे नमुने पॅरिसला गेले. देल रीओ ह्यांचे सविस्तर टिपण ज्या जहाजावर होते ते बुडाले असे सांगतात. नमुने कोले-देकोतिल ह्या रसायनज्ञाने तपासले आणि १८०५ मध्ये निर्णय दिला, की ह्यात नवे काहीच नाही; हे क्रोमियम आहे.

क्रोमियम त्या वेळी अवघ्या सात-आठ वर्षांपूर्वी पॅरिसमध्येच सापडले होते. त्याचे नावही रंगावरूनच पडलेले. पॅरिसच्या प्रयोगशाळांत त्याचे रंगीबेरंगी क्षार सर्वांच्या नजरेसमोर ताजे होते. समोर काही रंगीत दिसले आणि रंगीत असे क्रोमियम आठवले. दिसलेले आणि आठवलेले ह्यांतील भेद तेवढा ध्यानात आला नाही. प्राभाकरांना ह्याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. आणि भेद अवघडही होता. टाकणखाराचा मणी करून ज्योतीच्या आतल्या, क्षपण करणाऱ्या भागात धरला तर दोन्ही मूलद्रव्ये हिरवा रंग देतात. बाहेरच्या ज्योतीत मात्र व्हॅनेडियमचा मणी पिवळा होतो आणि क्रोमियमचा निवल्यावर हिरवाच राहतो. आज तर अम्ल द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले की व्हॅनेडियम तांबूस तपकिरी होते आणि क्रोमियम निळे. विद्यार्थीही चुकत नाही. पण ते पेरॉक्साइडच मुळी १८१८ साली सापडले. म्हणून पॅरिसच्या परीक्षकास आम्ही फारसा दोष देत नाही. त्याने निदान तपासले होते.

आमचे मन गुंतते ते देल रीओ ह्यांच्याकडे. त्यांच्या स्वतःच्या मनात शंका होतीच. पॅरिसचा निर्णय आला आणि त्यांनी आपला शोध सोडून दिला. हातात चांदी घेतलेल्या माणसाने, दूरच्या मोठ्या माणसाने शिंपली म्हटले म्हणून, ती पुन्हा वाळूत टाकावी तसे हे झाले. आमच्यासारख्या, वरिष्ठांचा शेरा आला की आपली टिपणी निमूटपणे बदलणाऱ्या लोकांना ह्यात काही विशेष वाटू नये, पण वाटते. पंचवीस वर्षे कोणी वाकले नाही. १८३० साली स्वीडनमध्ये सेफस्ट्रोम ह्यांना टाबेर्गच्या खनिजापासून केलेल्या लोखंडात एक मूलद्रव्य आढळले. फ्रेया ह्या सौंदर्यदेवतेचे एक नाव वानादिस. त्यावरून त्यास व्हॅनेडियम म्हटले गेले. पुढच्याच वर्षी व्होलर ह्यांनी दाखविले, की सिमापानच्या तपकिरी खनिजातील द्रव्य तेच आहे. त्याला रीओनियम म्हणावे अशी सूचना अमेरिकेत १८३१ मध्ये निघाली, पण नाव बदलले नाही. देल रीओ १८४९ पर्यंत जगले. आपण बरोबर होतो हे कळून ते अठरा वर्षे जगले, आणि ह्या अठरा वर्षांत त्यांना काय वाटत असेल ह्याची कल्पना करताना आमची झोप काही रात्री उडाली आहे.

आणि ज्यांनी ओळखले त्यांनीही पुरते कुठे ओळखले? बर्झेलियस ह्यांच्यासारख्या आचार्याने शुद्ध धातू म्हणून जे काढले ते शुद्ध धातू नव्हतेच, हे इंग्रज रसायनज्ञ हेन्री रॉस्को ह्यांनी १८६७ मध्ये सिद्ध केले. त्यांच्याच नावाने, जेम्स ब्लेक ह्यांनी १८७६ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील त्या हिरव्या खनिजास रॉस्कोएलाइट म्हटले.

कॅलिफोर्नियाच्या ज्या एल्डोराडो परगण्यात १८४८ साली सोने सापडून जगभरची माणसे तेथे धावली, तेथील खाणींत हे हिरवे खनिज सोन्याला बिलगून असते. खाणवाल्यांनी ते कुटले, सोने काढून घेतले आणि हिरवा गाळ सोडून दिला. आज सोन्याचा पातळ पत्रा हिरव्या खवल्यांतून डोकावतो आहे असा तेथील अखंड नमुना संग्राहकांना मिळाला, तर ते तो त्यातील सोन्याच्या वजनाच्या हिशेबाने कधीच विकत घेणार नाहीत. दोन्ही एकत्र आहेत आणि कोठून आले हे चिठ्ठीवर लिहिलेले आहे, ह्यालाच किंमत. खाणवाले मूर्ख नव्हते. त्यांना सोने ओळखता येत होते आणि जे ओळखता येत नव्हते त्याची किंमत त्यांनी शून्य धरली. आपण सगळे हेच करीत असतो. न ओळखलेल्याला ‘अज्ञात’ म्हणण्याऐवजी ‘निरुपयोगी’ म्हणणे हे हिशेबास सोयीचे पडते.

कोलोरॅडोच्या पठारावर हा प्रकार अधिक ठळकपणे घडला. तेथील वाळूच्या खडकांत काही ठिकाणी रॉस्कोएलाइटने हिरवे झालेले थर आहेत, तर काही ठिकाणी कार्नोटाइट नावाचे पिवळे खनिज असून त्यात व्हॅनेडियम आणि युरेनियम दोन्ही आहेत. १९१० नंतरच्या दशकात ह्या पिवळ्या खनिजातून रेडियम काढीत. काँगोतील अधिक समृद्ध खनिज बाजारात आले तेव्हा तो धंदा बसला. १९३० नंतर व्हॅनेडियमसाठी खाणी चालल्या, आणि युरेनियम गाळाबरोबर टाकून दिले जाई. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या तयारीसाठी तोच टाकलेला गाळ पुन्हा उपसून त्यातून युरेनियम काढण्यात आले. एकाच दगडाचे तीन वेळा मोल झाले आणि प्रत्येक वेळी मागच्याने टाकलेले पुढच्याने उचलले. येथे चूक सुधारली, कारण गाळ जागच्या जागी पडून राहिला होता. सर्वच वस्तू इतकी वाट पाहत नाहीत.

ह्या खाणींत खपलेल्या माणसांचेही मोल झाले, आणि ते एकदाच झाले. युरेनियमच्या त्या खाणींत काम करणाऱ्यांत नाव्हाहो जमातीचे पुष्कळ लोक होते. वारा खेळण्याची सोय नसलेल्या बोगद्यांत त्यांनी किरणोत्सर्गी हवा श्वासात घेतली. १९५० पासून सरकारी आरोग्यसेवेने खाणकामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास चालविला होता, पण त्या हवेतला धोका कामगारांना सांगण्यात आला नाही. कोणी त्यांना ‘काही किंमत नाही’ असे तोंडाने म्हटले नसेल. कागदावर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. भरपाईचा कायदा झाला तो १९९० साली. ज्यांना ती मिळावयाची त्यांतले कित्येक तोवर गेले होते.

अशी उदाहरणे शोधावयास दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत काळ्या पत्थराच्या पोकळ्यांतून हिरवा ॲपोफिलाइट निघतो. त्याचा हिरवेपणा अल्पशा व्हॅनेडियममुळे आहे हे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्याच पत्थरात सेलॅडोनाइट नावाची मऊ हिरवी मातीही सापडते. तिचा रंग लोहामुळे येतो. डोळ्यांना दोन्ही हिरवेच. ॲपोफिलाइटवर चाकूचा ओरखडा उठतो, आणि एका दिशेने तो सहज दुभंगतो. म्हणून अंगठीत बसविण्यास तो कामाचा नाही. तरीही जगभरची संग्रहालये तो जपून ठेवतात. खाणीतला दगड मात्र खडीसाठी असतो. यंत्राच्या तोंडी जाण्यापूर्वी ज्या पोकळीकडे एखाद्या कामगाराचे लक्ष गेले ती वाचली. बाकीच्यांवरून आपण सुटीत घरी जाताना मोटारीतून जातो.

पाचूची गोष्ट ह्याच्या उलट आहे. तेथे वस्तू सर्वांना दिसत होती, वाद होता तो नावाचा. ब्राझीलमध्ये १९६३ साली क्रोमियम जवळजवळ नसलेले, व्हॅनेडियमने हिरवे झालेले बेरिल सापडले. अमेरिकन बाजाराने त्यास पाचू म्हटले. इंग्लंडमध्ये ते पुष्कळांना मान्य झाले नाही. खडा तोच, हिरवा तसाच, आणि समुद्र ओलांडला की किंमत वेगळी. ‘मोल वस्तूत नसते, ओळखणाऱ्यात असते’ असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडेल. आम्हांला ते अर्धेच पटते. किंमत ओळखणाऱ्याच्या तोंडी असते हे खरे; पण ती खरी की खोटी हे पाहावयास शेवटी खड्याकडेच जावे लागते, नाहीतर ‘चुकलो’ ह्या शब्दाला अर्थच उरणार नाही. देल रीओ ह्यांच्या तपकिरी खनिजात पंचवीस वर्षे कोणाच्याही लेखी व्हॅनेडियम नव्हते. तरी ते होते.

आमच्या एका कार्यालयीन मित्रास हे सर्व आम्ही सांगितले. त्याचे उत्तर व्यवहारी होते. “रोज शंभर हिरवे दगड समोर आले तर शंभरांना सुई लावत बसणार काय? नव्व्याण्णव क्लोराइट निघतील. अनुमान चालवायचेच, त्याशिवाय कारभार कसा व्हायचा?” ह्या आक्षेपात तथ्य आहे. कौटिल्यानेसुद्धा खाणींच्या अध्यक्षाकडून सर्वज्ञतेची अपेक्षा केलेली नाही. त्याला धातूंचे आणि रत्नांच्या रंगांचे ज्ञान असावे, नपेक्षा तसे ज्ञान असणारे सोबती त्याच्याबरोबर असावेत, एवढेच म्हटले आहे. तेव्हा क्लोराइटचे अनुमान केले ही आमची चूक आहे असे आम्ही मानीत नाही. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही गिळला, ही चूक आहे. ‘बहुधा क्लोराइट असावे’ असे म्हटले असते तर वाकावयास एक वाट उघडी राहिली असती. काकूंनी दुसऱ्या कोणास विचारले असते, निदान तो दगड माळ्याच्या हातोडीखाली गेला नसता. ‘क्लोराइट आहे’ ह्या शब्दांनी ती वाट बंद झाली. आणि तो शब्द आम्ही गिळला तो ज्ञानाच्या गर्वाने नव्हे. आम्हांला सहा वाजता एके ठिकाणी जावयाचे होते.

काकूंना हे कळवावे की नाही, ह्यावर आम्ही बरेच दिवस घालविले. कळविले तर त्यांना एक नवी हळहळ मिळणार, आणि तीही निश्चित नव्हे. न कळविले तर आमचे बोलणे त्यांच्या मनात प्रमाण म्हणून कायम राहणार. दगड तर दोन्ही पक्षी परत येणार नव्हता. शेवटी पत्र लिहिले. तो दगड न तपासताच आपण त्याची किंमत सांगितली, ती सांगण्याचा आपणांस अधिकार नव्हता, आणि तो वेगळाही असू शकला असता, इतकेच त्यात होते.

उत्तर दोन आठवड्यांनी नागपुराहून आले. प्रकृतीचा मजकूर, नातीच्या परीक्षेचा मजकूर, आणि शेवटी दोन ओळी. त्या दगडाची किंमत मी विचारलीच नव्हती, असे काकूंनी लिहिले होते; इतरांची विचारली होती. तो ठेवावा का, एवढेच विचारले होते.

माळ्याने भरलेल्या कुंड्यांपैकी बहुतेक बदली झालेल्या बिऱ्हाडांबरोबर गावोगाव गेल्या. एक आमच्या गॅलरीत आहे. तिच्यात सदाफुली आहे आणि सध्या ती भरभरून फुलली आहे. पावसाळा सरला की माती बदलावी लागेल.